दोन तोंडांचा पक्षी

आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक धागा.
भरला तर वर, कोरा तर खाली.
तीस वर्षं मी चौकोन भरले,
साखर पेठेत, पत्र्याखाली, लाल शाईनं,
आणि शेजारच्या खोलीत माझा कागद पुढ्यात ठेवून
इरय्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचा.
चादरीवर नाव कारखान्याचं.
आमचं कशाला?
आमच्या नावानं कुणाला ऊब येत नव्हती.

भाची हैमवती म्हणाली, मामा,
तुझं काम आता हुडकलं तर सापडलं पाहिजे.
फोन पुढे धरला. "सोलापुरी चादर" लिहिलं तिनं
आणि धो धो चादरी आल्या,
छापील मोर, छापील कमळं,
सोलापूर कधी न पाहिलेल्या.
"मी कितव्या पानावर?"
"तेवढी पानं कोण उलटतंय मामा."

"ह्या डिझाइनला काय म्हणतोस?"
"लसमव्वाची वेल."
"लसमव्वा कोण?"
"समोर राहायची. विड्या वळायची.
तिच्या दारातल्या रांगोळीतनं उचलली मी."
"आणि लोकांनी काय लिहून हुडकायचं? लसमव्वा?"
खरं होतं तिचं.
लसमव्वा माझ्याशिवाय कुणाची हरवली नव्हती.

मग ती लिहीत बसली:
गडद निळी, शुद्ध सुती, दिवाणखान्याला शोभेल अशी.
मला वाटलं, स्थळं बघायलाच बसलीय,
गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष.
"हातमाग लिहू का? हातमाग लई हुडकतात."
"लेदु."
माग विजेवर चालतो, गल्लीभर ऐकू येतो.
ज्याला हातमाग पाहिजे
त्याला मी सापडून काय उपयोग?
"मग खरं काय लिहू, तूच सांग," ती वैतागली.
"लिही. नवी असताना टोचते.
दहा धुण्यांनंतर सोडते.
भिजली की एकट्या माणसाला पिळवत नाही."
ती हसली. आणि चिडून तसंच लिहिलं.

चार महिने रोज आकडा सांगायची.
आज तिघं आले. आज पाच,
त्यातले दोन आपणच.

मग जामनेरहून एका बाईंचं पत्र.
आईची चादर होती, घर बदलताना गेली.
नाव माहीत नव्हतं, दुकानात सांगता यायचं नाही.
रात्री अकराला नुसतं लिहून पाहिलं:
टोचणारी जाड चादर, दोन तोंडांचा पक्षी.
सगळ्यात वर तुम्हीच आलात.
एकच विचारायचं आहे.
आमच्या पक्ष्याच्या डाव्या तोंडाला डोळा नव्हता.
तुमच्या फोटोत दोन्हीकडे आहे.
बिनडोळ्याचा मिळेल का?

हैमवती नाचत होती, वर आलो मामा, सगळ्यात वर!
मी ट्रंक ओढली.

तो माल मला आठवत होता.
चाळीस चादरी विणून झाल्यावर कळलं होतं,
मालक ओरडला होता, आणि मी म्हणालो होतो,
इरय्यानं भोकं गाळली असतील.
त्याच्या पगारातून पैसे कापले. तो काही बोलला नाही.
संध्याकाळी मलाच चहा पाजला.
मी कागद कधी उघडून बघितला नाही.

आता उघडला. घडीवर फाटलेला.
डोळा म्हणजे चार चौकोन.
चारही कोरे.

इरय्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
मुलगा त्याचा पुण्याला कुठेतरी असतो,
कुठे ते कुणाला माहीत नाही.

"मामा, ह्याला नाव काय देऊ?"
"इरय्याचा पक्षी."
"असं कोण हुडकणारे?"
"त्याच्या पोरानं कधी बापाचं नाव लिहिलं तर."
तिनं विचारलं नाही काही. लिहिलं.
खाली टोचण्याचंही राहू दिलं.

उद्या अक्कलकोट रोडला जायचंय.
जुने पत्ते पाडणारा एखादा उरला असेल तर बघायचं,
सांगितल्यावर चार भोकं
मुद्दाम गाळील असा.